नळाखालचं पालथं ताट

परवा दुपारी भांडी घासताना हातातलं स्टीलचं ताट निसटलं आणि मोरीच्या फरशीवर टणकन वाजलं. आतल्या खोलीत सूनबाई शिवणयंत्रावर बसली होती. ती तिथूनच ओरडली, "आई, पाणी आलं?" आणि मी काही बोलायच्या आत दोन्ही हातांत बादल्या घेऊन दारात उभी. मी नुसती हसतेय. म्हटलं, "आगं, ताट पडलं माझ्या हातातनं. आपली पाळी अजून तीन दिसांनी हाय." मग तीही हसायला लागली. एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि म्हणाली, "तीन उन्हाळं झालं तोटी लावून, पण कान काय सुधरंनात."

खरंच आहे तिचं. चैत्र लागला की आमच्याकडच्या बाईचे कान हातापायापेक्षा जास्त राबतात. बाहेर लिंबाचा मोहर गळत असतो, अंगणात त्याची पिवळसर रांगोळी आणि वारा आला की गोडकडू वास. ज्वारीची खळी कधीच उरकलेली, कडब्याच्या गंजी लागलेल्या. कुणाच्या ओट्यावर चिंचा फोडणं चाललेलं, कुणाच्या गच्चीवर कुरडया वाळत पडलेल्या. आणि हे सगळं करताना एक कान नळाकडं. आमचं गाव वडूजच्या अलीकडं-पलीकडं कुठं तरी धरा. सगळी गावं सारखीच कोरडी, नाव सांगून काय उपयोग?

ज्यांच्याकडं बारा महिने पाणी आहे त्यांना ताटाची गोष्ट सांगावी लागेल. गावाची नगरपंचायत झाली, घरोघर नळ आला, पण पाणी यायचं चार दिवसांआड, तेही कवा येईल त्याचा नेम नाही. कधी सकाळी, कधी ऐन दुपारी. बाई तरी नळापाशी किती बसणार? मग आम्ही एक युक्ती केली. नळाला तोटी लावायचीच नाही. पाइपाचं तोंड उघडं ठेवायचं आणि त्याखाली जुनं ताट पालथं घालायचं. पाणी आलं की आधी पाइप खोकायचा, हवा सोडायचा, मग दोन-चार थेंब आणि एकदम टणटणटण. शेतात असा, चुलीपुढं असा, आवाज ऐकू यायचाच. कुणी म्हणेल, हा काय पाणी कळायचा मार्ग झाला? आमच्या आळीत तर नुसत्या आवाजावरून ताट कुणाचं ते सांगायच्या बायका. माझं जाड काठाचं, त्याचा आवाज देवळातल्या घंटेसारखा लांब जायचा. शेजारणीचं पोचा पडलेलं, ते फाटक्या आवाजात बोलायचं.

कोंडाबाईच्या ताटाचा आवाज मात्र कुणालाच माहीत नव्हता, कारण ते कधी वाजलंच नव्हतं.

कोंडाबाई माझी मैत्रीण. माहेर कवठे महांकाळकडचं, सासर आमच्या गावच्या माळआळीत, म्हणजे गावाच्या अगदी उंचावर, पाइपाच्या शेवटाला. मी खालच्या आळीला. आमची गाठ पडायची ती बागेत. नगरपंचायतीनं एस.टी. स्टँडामागं बाग केली होती. चार बाकडी, दोन झोपाळे, मधोमध हिरवळ आणि कडेनं लिंब-करंजाची रोपं. पूर्वी तिथं मेंढरं बसायची. माझ्या वडलांचा मेंढरांचा वाडगा सुद्धा येता-जाता त्या जागेवर उतरलेला मी पाहिलाय. आता फाटकावर मोठी पाटी लागली आणि तिच्यावर नियम: हिरवळीवर बसू नये. फुले तोडू नयेत. जनावरे आणू नयेत. खाद्यपदार्थ आणू नयेत. वेळ संध्याकाळी पाच ते आठ.

मला वाचता येतं ते माझ्या थोरल्याच्या पाटीवर त्याच्याबरोबर गिरवून आलेलं. शाळेची पायरी मी चढले नाही. पण वाचायचं वेड असं की पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. तर पहिल्या दिवशी फाटकात उभी राहून मी ती पाटी बायकांना मोठ्यानं वाचून दाखवली. कोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तारे, हितं काय करायचं न्हाई ते समजलं. करायचं काय, ते कुठं लिवलंय?"

"ते लिवलेलं न्हाई."

"मग आपुन शेंगा खाऊ."

आणि पदराची गाठ सोडून तिनं भाजलेल्या शेंगा बाकावर ओतल्या. टरफलं मात्र एकही खाली पडू दिली नाही हो, सगळी परत पदरात. तिचा नियम तिच्यापाशी.

पाच वाजता बाग उघडायची आणि पाच वाजता आमच्या घरी चहा, दिवाबत्ती, भाकरीचं पीठ. म्हणजे बायका मोकळ्या असायच्या तेव्हा फाटकाला कुलूप. तरी आम्ही अर्धा-पाऊण तास चोरून यायचोच. आयुष्यभर जिथं तिथं काम घेऊन बसलेल्या बायका आम्ही. विहिरीवर गेलो तर धुणं, बांधावर बसलो तर खुरपं. नुसतं बसायला म्हणून कुठं बसलोय, असं त्या बाकानंच पहिल्यांदा घडवलं. कोंडाबाई म्हणायची, "हितं बसल्यावर माझ्या हातांस्नी कळंना झालंय, की कुठं ठेवायचं आपल्याला."

त्या वर्षीचा उन्हाळा मात्र कडक निघाला. तलाव आटला. चार दिवसांआडचं पाणी सहा दिवसांवर गेलं. खालच्या आळीत तरी यायचं. माळआळीत पाइप नुसता उसासे टाकायचा. तिथं टँकर यायचा, आला तर. कोंडाबाई एकटी बाई, गुडघे गेलेले, टँकरपाशी रेटारेटी करणं तिला होईना. शेजारची पोरगी एखादी घागर आणून द्यायची त्यावर तिचं भागायचं. मुलगा सांगलीला नोकरीला, तो एकसारखा बोलवत होता. शेवटी एक दिवस बाकावर बसून ती म्हणाली, "तारे, मी जाती सांगलीला."

"किती दिवस?"

"जाती म्हणलं ना. माघारी यायचं न्हाई म्हणत्यात सगळी. घराला कुलूप."

मी म्हटलं, "आगं, सांगलीला तर कृष्णा दारात येती पावसाळ्यात."

"यील की. इतकी वर्सं पाण्याची वाट बगितली, आता पानी माझी वाट बगंल." आणि हसली. पण हसता हसता तिची नजर समोर गेली. हिरवळीवर रबरी नळीनं पाणी मारणं चालू होतं. तुषार उडत होते, उन्हात बारीक इंद्रधनुष्य दिसत होतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "त्या गवताला हाय बघ. मला न्हाई."

मी हातातली शेंग न फोडताच परत तिच्या पदरात टाकली.

ती एकटीच असं म्हणत नव्हती. सगळी माळआळी बोलायला लागली होती, आणि त्यात चूक काय? मग नगरपंचायतीनं निर्णय घेतला: बागेचं पाणी बंद, आणि बाग पावसाळ्यापर्यंत बंद. फाटकाला दिवसभर कुलूप. आमच्या वॉर्डाची नगरसेविका शुभांगी, आमच्या नात्यातलीच, ती सांगायला आली. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, गवताचं पाणी तोडा, खुशाल तोडा. पण बाकाला काय पाणी लागतं व्हय गं? बाई बसायची जागा का तोडता? ती म्हणाली, "आवं आक्का, झाडं वाळल्यावर कोण येतंय तिथं? आन् बागेचं पाणी वाचवलं तरी ते माळआळीला चढंल असं दिनकर म्हणत न्हाई."

दिनकर म्हणजे आमचा पाणी सोडणारा. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून सायकलवर फिरतो. गावातल्या बायकांच्या शिव्या आणि चहा दोन्ही त्याच्याइतकं कुणाला मिळालं नसेल.

मी ठरवलं, हे प्रकरण डोळ्यांनी बघायचं. पाण्याच्या दिवशी घरचं काम सुनेवर टाकलं आणि चढ चढून कोंडाबाईच्या अंगणात जाऊन बसले. तिची पिशवी भरून तयार होती, भिंतीला टेकवलेली. नळाखाली ताट पालथं, स्वच्छ घासलेलं. कधी न वाजलेलं ताट ती रोज घासायची! खाली आमच्या आळीतल्या ताटांचा आवाज वर ऐकू यायला लागला. टणटण, टणटण. माझं घंटेवाणी ताटही ऐकलं मी. कोंडाबाई म्हणाली, "तुझं आलं बघ." मी पाइपाला कान लावला. आत कुठं तरी सूं सूं आवाज, जणू पाइपच उलटा श्वास घेतोय. थेंब नाही.

दिनकर सायकल ढकलत वर आला. मी त्याला धरलंच. "काय रं, हिकडं पानी का न्हाई? चावी पुरी फिरवत न्हाईस तू!"

तो घाम पुसत म्हणाला, "आक्का, चावी पुरी फिरवलीया. खाली समद्या पाइपा उघड्या हायत, तोटी एकीला न्हाई. घर भरलं तरी पानी व्हातच ऱ्हातंय. दाबच ऱ्हाईना तर वर चढंल कसं?"

"आमी काय पानी वाया घालवतोय व्हय?"

त्यानं सायकल वळवली आणि गेला.

मी तरातरा उतरून घरी आले. सून पाणी भरून आत गेली होती. पिंप भरलेलं, बादल्या, घागरी, तपेली भरलेली. आणि पाइप वाहतच होता. पाणी ताटावरून घरंगळत मोरीत, मोरीतून चरात, चरातून परसात, थेट माझ्या केळीच्या बुंध्याशी. आमच्या कोरड्या मुलखात माझ्या परसात केळ होती याचा मला केवढा अभिमान! पूजेला सगळं गाव माझ्याकडून पानं न्यायचं. कोंडाबाईसुद्धा तिच्या सत्यनारायणाला न्यायची आणि म्हणायची, "तारे, तुझा हात लय गुणाचा." हाताचा गुण कसला आलाय. ती केळ तिच्या वाटणीच्या पाण्यावर वाढली होती.

मी परसात चराच्या कडेला बसले. मला माझ्या लहानपणचा झिरा आठवला. वडलांच्या मेंढरांमागं आम्ही हिंडायचो तेव्हा उन्हाळ्यात माणगंगेच्या वाळूत हातभर खड्डा करायचा. त्यात पाणी पाझरायचं, ते करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला किती वेळ लागायचा, सांगून खरं वाटणार नाही. पण तिथं एक रीत होती. मागं कुणी उभं असेल तर दुसरी घागर भरायची नाही. आपली भरली की खड्ड्याची कड हातानं नीट करायची, करवंटी मागच्याच्या हातात द्यायची आणि बाजूला व्हायचं. कुठं पाटी नव्हती, कुणी दंड करत नव्हतं. आईनं मला एकदाच शिकवलं, तेही बोलून नाही. मी दुसरी घागर पुढं केली तर तिनं ती नुसती मागं ओढली.

मग नळावर आम्ही असं कसं वागलो? मला वाटतं, झिऱ्यावर मागचा माणूस दिसायचा. त्याची सावली आपल्या घागरीवर पडायची. नळाचं तसं नाही. नळ आपल्या मोरीत, भिंत आपली, दार आपलं. मागं कोण उभं आहे ते पाइपात दिसत नाही. कोंडाबाई माझ्या मागं इतकी वर्षं करवंटीसाठी हात पुढं करून उभी होती आणि मी मान वळवून पाहिलं नव्हतं.

पण हे सगळं उमजेपर्यंत उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा गाडी घेऊन आला. मी तिच्या दारात गेले तेव्हा ती बसलेलीच होती गाडीत. घराची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "आठ दिसांनी एकदा झाड बाई. कोळ्यांनी घर करू नये." मी म्हटलं, "तुझं ताट वाजलं की फोन करते." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू लहान पोरानं चंद्र आणून देतो म्हणावं. "करशील बाई," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही पंधरा-वीस बायका बाग उघडा, माळआळीला पाणी द्या म्हणायला नगरपंचायतीत गेलो. शुभांगी पुढं. मुख्याधिकारी मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या, पण बोलायला ठाम. म्हणाल्या, "बागेला पाणी द्यायचं की माणसांना, हे तुम्हीच सांगा मला."

माळआळीच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. घरून मी लांबलचक भाषण जुळवून आणलं होतं. ते सगळं विसरले आणि तोंडातून भलतंच निघालं. "मॅडम, माझ्या नळाला तोटी न्हाई."

मागून कुणी तरी म्हणालं, "माझ्याबी न्हाई." मग आणखी एक. मग खालच्या आळीतल्या सगळ्याच. मॅडमना काही कळेना. "का पण? तोटी लावायला काय हरकत आहे?"

आमची शेजारीण उसळून म्हणाली, "आवं, तोटी लावली तर ताट वाजंल कसं?"

"ताट?"

मग आम्ही सगळ्या एकदम सांगायला लागलो. ताट कसं पालथं घालायचं, कुणाचं कसं वाजतं. मॅडम आधी कपाळाला हात लावून ऐकत होत्या, मग हसू दाबायला लागल्या, मग त्यांना राहवलंच नाही. हसून झाल्यावर मात्र एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे पाणी कधी येणार हे आम्ही सांगत नाही म्हणून तुम्ही नळ उघडा ठेवता, आणि नळ उघडा म्हणून वर पाणी जात नाही."

"आसंच म्हना," मी म्हटलं. "तुमी वार आन् वेळ सांगा, आमी तोट्या लावतो."

"सांगू कुठं? व्हॉट्सअॅपवर?"

"आवं, आमाला कशाला ते. बागेच्या पाटीवर लिवा. निम्मी पाटी रिकामीच हाय."

पुढच्या सभेत शुभांगीनं ते सगळं मांडलं आणि ठराव झाला. तोटी सक्तीची. माळआळीला आधी पाणी, मग मधली आळी, मग आमची. हिरवळीला पाणी बंद. बाग मात्र उघडी, आणि वेळ दुपारी तीनपासून. झाडं जगवायची असतील तर ज्यानं त्यानं घरच्या भांडी धुतलेल्या पाण्याचा तांब्या आणावा. पाटीवर पाण्याची पाळी रोज खडूनं लिहायची. कुणी लिहायची? सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पहिल्या दिवशी खडू असा जपून धरला, की जणू मी सरकारी कागदावरच सही करतेय. सगळ्या 'नये नये'च्या खाली मी लिहिलं: उद्या सकाळी माळआळी. खाली रेघ ओढली. मागं सरकून पाहिलं. आमच्या गावात सरकारी पाटीवर काही तरी मिळणार आहे असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं.

सगळं लगेच नीट झालं असं नाही हो. दोघींनी तोटी लावली आणि रुसून उघडीच ठेवली. एकीनं तर तोटी लावली, वर जुन्या सवयीनं खाली ताटही ठेवलं. गवत पिवळं पडलं, मग मातीच झालं. आम्ही सगळ्या त्या मातीत बसायला लागलो, कारण आता 'हिरवळीवर बसू नये' हा नियम कुणाला लावणार? हातात तांब्या घेऊन बायका दुपारी यायच्या, आपापल्या रोपाला ओतायच्या, मग बसायच्या. कोंडाबाईच्या बाकाशेजारच्या लिंबाला मी घालत होते.

आणि ती सकाळ. किल्ली घेऊन मी चढ चढले, तिचं कुलूप काढलं. अंगणात लिंबाची पानं साचलेली. ताट पालथंच, त्यावर धुळीचा थर. तिच्या पाइपाला अजून तोटी बसवायची होती, दिनकर बरोबर घेऊन आला होता. मी म्हटलं, "थांब रं जरा. एक डाव वाजू दे." तो चावी खांद्यावर घेऊन उंबऱ्यात बसला. पाइपानं सूं केलं. मग खोकला. मग तांबडं पाणी, चार थेंब. आणि मग आलं. टण. टणटण. टणटणटणटण.

मी मोबाइल काढला. दिनकरनं नंबर लावून दिला. तिकडून "हालू" आलं आणि मी फोन ताटाजवळ धरला.

थोड्या वेळानं फोन परत कानाला लावला तर ती नाक ओढत होती. मग म्हणाली, "ताट सरकलंय गं. उजवीकडं घे. काठावर पडतंय पानी."

मी ताट उजवीकडं सरकवलं. आवाज एकदम खणखणीत झाला.

"आता बादली लाव की," ती ओरडली. "बगत काय बसलीयास, वाया चाललंय!"

दिनकर उंबऱ्यात बसून हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. मी बादली लावली. ती भरेपर्यंत कोंडाबाई फोनवर होती. बादली भरल्याचा आवाज बदलतो, तोही तिनं ऐकला. म्हणाली, "दुसरी लाव. मागं कुणी न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हटलं. "तुझं शेवटचंच घर हाय."

सोमवारच्या एस.टी.नं ती परत आली. मुलाला सांगून आली की तिथं पाणी लय हाय, पण ते आवाज करत नाही. माझी केळ त्या वर्षी वाळली. वाळता वाळता तिनं एक फणी दिली होती, ती मी कोंडाबाईला नेऊन दिली. सगळं सांगून टाकलं तिला, चर आणि बुंधा आणि सगळं. तिनं फणी उलटसुलट करून पाहिली, दोन केळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घे. माझ्या पान्याची हायत, पन राखन तुझी."

यंदा पुन्हा चैत्र आलाय. तलाव यंदाही अर्ध्यावरच आहे. बागेत गवत नाही, पण लिंब बाकावर सावली धरायला लागलाय. तीन वाजत आले. सूनबाईनं भांड्यांचं पाणी तांब्यात काढून ठेवलंय, खडू माझ्या पिशवीत आहे, आणि फाटकापाशी कोंडाबाई येऊन उभी असणार, पदरात शेंगांची गाठ घेऊन. आज पाटीवर आमच्या आळीचं नाव लिहायचंय. सगळ्यात शेवटी लिहायचंय, मागचे सगळे झाल्यावर.